रंगाचा करारनामा

मालवणात आमच्या आजोळी देवघराच्या वर एक लक्ष्मी होती. राजा रविवर्म्याची, काचेच्या चौकटीतली. कमळावर उभी, बाजूला माळ उचललेला हत्ती. शेजारच्या घरीही तीच लक्ष्मी होती. तेच कमळ, तोच हत्ती, चारी हातांची तीच ठेवण. फरक एवढाच की आमच्या लक्ष्मीचे लुगडे जांभ्या दगडाच्या रंगाचे आणि त्यांच्या लक्ष्मीचे ऐन कुंकवाचे. दोन्ही चित्रे मुंबईच्या चाकरमान्यांनीच गावी आणलेली. कोणाची लक्ष्मी खरी, यावर आमची आजी आणि शेजारची आजी यांच्यात वर्षानुवर्षे वाद चाले. आम्ही तेव्हा सात-आठ वर्षांचे होतो आणि अर्थातच आजीच्या पक्षाचे होतो. या वादाचा निकाल आम्हांला पन्नाशी उलटल्यावर लागला, आणि तोही अर्धाच.

छापील रंगाचा इतिहास हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने का घ्यावा, असे सभेतील कित्येकांच्या मनात आले असेल. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून महाराष्ट्रात रिवाज असा की शिकलेल्यांनी बोलावे आणि आमच्यासारख्यांनी सतरंजीवर बसून ऐकावे. आम्ही जे काही शिकलो ते असेच, सतरंजीवर आणि वाचनालयाच्या बाकावर. यंदा चिटणिसांनी आम्हांलाच उभे केले, तेव्हा आमच्या अनुभवात जो विषय खरोखर बसला आहे तोच घेतो. फोटोचा रंग चुकला की नुकसान कोणाच्या पगारातून जाते, या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही या इतिहासापर्यंत आलो. वाट उलटी आहे, पण आमची सगळी विद्या अशाच वाटेने आलेली आहे.

प्रथम दगडाची गोष्ट. बव्हेरियातील आलॉइस सेनेफेल्डर हा नाटककार. आपली नाटके स्वस्तात छापता यावीत म्हणून खटपट करता करता अठराव्या शतकाच्या अखेरीस त्याला शिळाछापाची युक्ती सापडली. तत्त्व आपल्या स्वयंपाकघरातले आहे: तेल आणि पाणी एकमेकांत मिसळत नाहीत. गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट खडूने चित्र काढावयाचे, दगड ओला करावयाचा, मग तेलकट शाईचा रूळ फिरवावयाचा. शाई खडूला धरते, ओल्या दगडाला धरत नाही. कागद दाबला की चित्र उतरले.

एका रंगापुरते हे सोपे आहे. रविवर्म्याच्या लक्ष्मीला मात्र एक दगड पुरत नाही. रंगीत शिळाछापात प्रत्येक शाईला स्वतंत्र दगड लागे. दहा-बारा दगड ही काही नवलाची गोष्ट नव्हती. आता त्या कारागिराकडे पाहा. त्याच्यासमोर मूळ तैलचित्र आहे. देवीच्या गालावरच्या छटेत पिवळा किती, गुलाबी किती, सावलीचा निळसर किती, हे त्याने नुसत्या नजरेने ठरवावयाचे आणि पिवळ्याच्या दगडावर पिवळ्यापुरतेच ठिपके काढावयाचे, तेही उजव्याचे डावे करून. शिवाय दगडावर रंग नसतोच. पिवळ्याचा दगड असो की तांबड्याचा, खडू काळाच. काळ्या ठिपक्यांकडे पाहत मनात पिवळे चित्र उभे करावयाचे, मग त्यावर मनातच तांबडे चढवावयाचे, असे बारा वेळा. एका दगडावर हात सैल पडला तर बाराही दगड सरळ जुळूनसुद्धा देवीला कावीळ झालेली दिसावयाची.

आपल्या मराठी मुलुखात या विद्येचे बीज पेरणाऱ्यांत चित्रशाळा अग्रभागी आहे. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी १८७८ साली पुण्यात ती काढण्यात पुढाकार घेतला, आणि देवादिकांची व इतिहासपुरुषांची रंगीत चित्रे घरोघर जाऊ लागली. पुढे १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत आपला छापखाना घातला. यंत्रे जर्मनीची, तंत्रज्ञही जर्मन, व्यवहार पाहावयास धाकटा भाऊ राजवर्मा. शकुंतलेचा जन्म हे तेथून निघालेले पहिले चित्र. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तोवर तो कर्जात रुतला होता, आणि १९०१ साली तो फ्रिट्झ श्लायशर या त्यातल्याच जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. श्लायशरने चित्रांच्या जोडीला लेबले आणि जाहिराती छापून तो चालता ठेवला. १९७२ मध्ये त्या कारखान्याला आग लागली आणि सगळे भस्म झाले.

रविवर्म्याच्या कीर्तीला आम्ही बोट लावीत नाही. त्याने देव श्रीमंतांच्या दिवाणखान्यातून गरिबांच्या माजघरात आणले, हे थोर काम होय. आमचा प्रश्न निराळा आहे. त्या चित्रांखाली रविवर्म्याचे नाव असे, छापखान्याचे नाव असे. ज्याने बारा दगडांवर डोळे शिणवले त्याचे नाव आमच्या पाहण्यातल्या एकाही चित्रावर नाही. कोकणातल्या हजारो घरांनी सकाळ-संध्याकाळ हात जोडले ते पाहिले तर त्याच्या हातच्या ठिपक्यांना.

हे कारागीर एक गोष्ट करीत, तिच्याकडे आपले लक्ष असू द्यावे. पुढे तिचेच काम आहे. प्रत्येक दगडाचे वेगळे प्रूफ ते काढून ठेवीत, आणि एकावर एक चढविलेलेही: नुसता पिवळा, पिवळ्यावर गुलाबी, त्यावर निळा, अशी पायरीपायरीने. पुन्हा छपाई निघाली की मशीनवरचा माणूस ही चळत समोर ठेवी आणि कोणत्या पायरीवर बिघडले ते ताडून पाही. म्हणजे नजरेतले ज्ञान थोडेतरी कागदावर उतरवून ठेवण्याची रीत होती. मात्र त्या चळतीचे कागद पिवळे पडत, आणि पुढच्या खेपेची शाई मागच्या खेपेसारखी नसे. तरीही पुढे आकड्यांनी जे साधले, त्याची सुरुवात आम्ही या चळतीपासून धरतो.

कोणी म्हणेल, रंग जुळविणे एवढे कठीण असेल तर आपल्या सावंतवाडीच्या गंजिफाचे चिताऱ्यांना कसे जमते? दशावतारी गंजिफाची गोल पाने १२०. दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने. १९७०च्या दशकात शिवरामराजे आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी वाडीच्या राजवाड्यात ही बुडती कला पुन्हा उभी केली, हे आपणांस ठाऊक आहेच. पानांच्या पाठी एकसारख्या हव्यात. एक पाठ जरा फिकी पडली की ते पान हातात कोणाच्या आहे हे कळते आणि डावातली गंमत गेली. तेथे रंग जुळतो याचे कारण साधे आहे. हात एक, रंगाची वाटी एक, अंगण एक. छापखान्यात चित्र एकाने काढले, दगड दुसऱ्याने, शाई तिसऱ्या देशातून आली आणि कागद चौथ्या गिरणीचा. भांडण तेथून सुरू होते.

दगडानंतर कॅमेरा आला. त्र्यंबकेश्वरचे धुंडिराज गोविंद फाळके यांना आपण चित्रपटाचे जनक म्हणून ओळखतो. पण त्याआधी ते छापखान्याचे माणूस होते. १९०६च्या सुमारास लोणावळ्यास त्यांनी जो छापखाना काढला, तो रविवर्म्याच्या छापखान्यासाठी फोटोवरून शिळा उतरवून देण्याचे काम करी. पुढे जाळीचे ठसे आणि तिरंगी छपाई त्यांनी हाती घेतली, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणावयास ते जर्मनीला गेले, आणि भागीदारांशी पटेना तेव्हा सारे सोडून सिनेमाकडे वळले. तिरंगी छपाईत कारागिराच्या नजरेचे काम काचेने उचलले. तांबड्या, हिरव्या आणि निळ्या काचेतून एकाच चित्राचे तीन फोटो घ्यावयाचे, त्यांवरून आकाशी, किरमिजी आणि पिवळ्या शाईचे तीन ठसे करावयाचे. खोली यावी म्हणून पुढे काळ्याची जोड. छापखान्यातली पोरे आजही सायन, मजेंटा, यलो, ब्लॅक म्हणतात ती हीच चौकडी.

काचेने नजर हटवली असे मात्र झाले नाही. शाई पुस्तकात लिहिल्याइतकी शुद्ध कधीच नसते. आकाशीत थोडा तांबडेपणा राहतोच. म्हणून ब्लॉक करणारा माणूस आम्लाने एकेक ठिपका खाऊन बारीक करी आणि चूक नजरेने भरून काढी. गोव्याकडून आलेल्या दीनानाथ दलालांची आणि रघुवीर मुळगावकरांची मुखपृष्ठे व कॅलेंडरे आमच्या आधीच्या पिढीने जिवापाड जपली. त्या बायकांच्या गालांवरची लाली दलाल-मुळगावकरांच्या कुंचल्याइतकीच ठसेवाल्याच्या आम्लातूनही आलेली असे.

आता शास्त्राकडे वळू. भिण्याचे कारण नाही. आम्हीही भीतभीतच वळलो होतो.

आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना पायली-कुडवाचे दिवस आठवत असतील. या बाजारची पायली त्या बाजारच्या पायलीला मिळेल याचा भरवसा नसे. घेताना एक माप आणि देताना दुसरे, हा धंदाच होता. १९५६ मध्ये कायदा झाला, १९५८च्या ऑक्टोबरपासून किलो लागू होऊ लागला, आणि जुन्या-नव्या मापांचे तक्ते भिंतीवर लागले. या शेराचे इतके किलो, त्या शेराचे तितके. रंगाच्या जगातही असाच एक किलो हवा होता, जो कोणत्याही शाईचा नाही, कोणत्याही यंत्राचा नाही, केवळ माणसाच्या डोळ्याचा आहे.

तो १९३१ मध्ये ठरला. प्रकाश आणि रंग यांवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगाने त्या साली सर्वसाधारण माणसाचा डोळा कसा पाहतो याचे आकडे मान्य केले. हे आकडे आले कोठून? इंग्लंडात राइट आणि गिल्ड या दोन शास्त्रज्ञांनी स्वतंत्रपणे प्रयोग केले. माणसाला अंधारात बसवून एका बाजूस एक रंग दाखवावयाचा आणि दुसऱ्या बाजूस तीन दिव्यांचे प्रकाश कमीजास्त करून तोच रंग त्याच्याकडून जुळवून घ्यावयाचा. राइटने दहा माणसे बसवली, गिल्डने सात. एकूण सतरा. हा आकडा प्रथम वाचला तेव्हा आम्हांला हसू आले. आमच्या तालुका शाखेच्या सभेलाही गणपूर्तीस याहून अधिक डोकी लागतात. जगातल्या सगळ्या रंगांचे माप त्या सतरा जोड्या डोळ्यांवर बेतलेले, आणि ते डोळे ज्यांचे, त्यांचीही नावे कोणाच्या तोंडी नाहीत. तरीही माप टिकले. १९७६ मध्ये त्याच पायावर लॅब नावाची सुधारित मोजणी आली. तीत प्रत्येक रंगाला तीन आकडे: उजेड किती, तांबडा-हिरव्यात कोठे, पिवळा-निळ्यात कोठे.

मग संगणक घराघरांत आले आणि पायलीचा घोळ पुन्हा झाला. तोच फोटो या पडद्यावर एक, त्या पडद्यावर दुसरा, कागदावर तिसराच. तेव्हा १९९३ मध्ये ॲपल, ॲडोबी, मायक्रोसॉफ्ट, कोडॅक, आग्फा आदी आठ कंपन्या एकत्र आल्या आणि त्यांनी रंगाचा एक सामाईक मसुदा ठरविला. मालकांची संघटना होते ती अशी, गाजावाजा न करता. त्या मसुद्याप्रमाणे प्रत्येक यंत्राने आपला तक्ता सोबत बाळगावयाचा. त्या तक्त्याला प्रोफाइल म्हणतात.

प्रोफाइल म्हणजे भिंतीवरचा शेर-किलोचा तक्ताच. हा प्रिंटर, ही शाई, हा कागद. यांना अमुक आकडे दिले तर कागदावर प्रत्यक्षात तमुक रंग उतरतो, एवढे त्यात लिहिलेले असते. तो करण्याची रीतही सरळ आहे. रंगदुरुस्तीच्या सगळ्या सोयी बंद ठेवून शेकडो लहान चौकोनांचा एक नमुना छापावयाचा. एक दिवस वाळू द्यावयाचा. मग रंग मोजणाऱ्या यंत्राने एकेक चौकोन मोजावयाचा. मागितले काय आणि मिळाले काय, यांतला फरक म्हणजे प्रोफाइल. शिळाछापवाल्याची प्रुफांची चळत आणि हा नमुना यांत नाते आहे ते आपल्या ध्यानात आले असेल. कागद बदलला, शाई बदलली, की तक्ता नवा. चकचकीत कागदाचा तक्ता खरबरीत कागदाला लावणे म्हणजे तांदळाच्या मापाने नारळ मोजणे.

तक्ता असला तरी शाईला हद्द असतेच. तारकर्लीच्या पाण्याचा तो हिरवट निळा पडद्यावर झळकतो, कारण पडदा स्वतः उजेड फेकतो. कागदाला बिचाऱ्याला परक्या उजेडावर जगावे लागते. तो निळा चार शायांच्या हद्दीबाहेर पडतो. अशा रंगांचे काय करावयाचे, याच्या मुख्य रीती दोन. ओटीवर पाहुणे जास्त झाले तर एक रीत अशी, की सगळ्यांनीच थोडे थोडे सरकून जागा करावयाची. कोणाचाच पाट पहिल्या जागी राहत नाही, पण एकमेकांतले अंतर राखले जाते. दुसरी अशी, की आत बसलेल्यांना हलवावयाचे नाही, बाहेर उरलेल्यांना पायरीच्या कडेवर बसवावयाचे. समुद्राच्या फोटोला बहुधा पहिली बरी, माणसांच्या चेहऱ्याला बहुधा दुसरी. पर्यटकांना किल्ल्याचे फोटो छापून देणाऱ्या आमच्या एका सभासदाने हे दहा मिनिटांत आम्हांला समजावले. पुस्तकाने तीन दिवस घेतले होते.

ज्या प्रकरणाने आम्ही या नादी लागलो ते आता सांगतो. दहाएक वर्षे झाली. आपल्याच जिल्ह्यातल्या एका गावी फोटो छापून देणारे दुकान. गावाचे आणि दुकानाचे नाव घेत नाही. तेथे यंत्रावर काम करणारा विशी-बाविशीचा मुलगा एका संध्याकाळी कार्यालयात आला. लग्नाचा आल्बम त्याने छापला होता. नवरीचा चेहरा किरमिजी, हिरवा चुडा राखेसारखा, हळद नारिंगी. वधूपक्षाने आल्बम परत आणून टाकला. मालकाने अठरा हजारांचे नुकसान धरले आणि तीन महिन्यांच्या पगारातून कापावयास सुरुवात केली.

त्या वेळी १९३६चा वेतन प्रदान अधिनियम होता, आणि त्यात स्पष्ट होते की कामगाराच्या हयगयीमुळे थेट नुकसान झाले असेल तरच कपात, आणि तीही त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्यावर. २०१९च्या वेतन संहितेनेही हे तत्त्व ठेवले आहे. कायदा आम्हांला पाठ होता. रंगाचे मात्र ओ का ठो कळत नव्हते. तरीही आम्ही ताठ मानेने गेलो आणि मालकाला सुनावले, की तुम्ही स्वस्तातली शाई भरता म्हणून हे झाले. मालकाने शांतपणे कपाट उघडले आणि कंपनीच्या अस्सल शाईच्या पावत्या टेबलावर मांडल्या. आम्ही तोंडावर पडलो. मुलगा आमच्याकडे बघत होता, ते आम्ही विसरलेलो नाही.

पंधरा दिवस आम्ही शब्दकोश घेऊन इंग्रजी पुस्तके वाचली. शेवटी कोल्हापूरच्या एका जुन्या मशीनमनला फोन लावला. सगळे ऐकून घेऊन तो म्हणाला, "भाई, आमटीत दोघींनी मीठ टाकलंय का बघा." दुसऱ्या दिवशी पाहिले तर तसेच होते. फोटो छापण्याच्या प्रोग्रॅममध्ये कागदाचे प्रोफाइल निवडलेले होते, म्हणजे मीठ पडले होते. आणि प्रिंटरच्या ड्रायव्हरमधली कंपनीची रंगदुरुस्तीही चालू होती, म्हणजे पुन्हा मीठ. एक तरी बंद हवी होती. पावसाळ्यात दुकानाचा संगणक बिघडला होता, तो दुरुस्त होऊन आला तेव्हा ड्रायव्हर नव्याने घातला गेला आणि मूळची बंद केलेली दुरुस्ती आपोआप चालू झाली. कोणाचा हात लागला नव्हता. दोन मिठांनी नवरी किरमिजी झाली.

आम्ही मालकासमोर तोच फोटो दोनदा छापावयास लावला, एकदा दोन्ही चालू ठेवून, एकदा एक बंद करून. मालक दोन्ही कागद घेऊन दारात गेला. कापडाच्या दुकानात बाईमाणूस लुगडे घेऊन जशी उजेडात येते तसा. बराच वेळ पाहत राहिला. मग म्हणाला, "ठीक, पण पहिले पान बाहेर आले तेव्हा याचे डोळे कुठे होते?" मुलगा इतका वेळ गप्प होता. तो आमच्याकडे वळून म्हणाला, "मियां पयल्याच पानार सांगलंय, भाईनु. पण ऐकतलो कोण?" त्याने खरोखरच सांगितले होते, मालकाचे उत्तर होते की आल्बम रात्रीच्या आत द्यावयाचा आहे, छापत राहा. मालकाने हे नाकारले नाही, एवढे त्याच्या पदरी घालावयास हवे. माणूस वाईट नव्हता. लग्नघरचे लोक त्याच्याही दारात येऊन बसले होते.

कापलेले दोन हप्ते परत मिळाले. तिसरा हप्ता तोडजोडीत गेला. मुलगा सहा महिन्यांनी गोव्यात दुसऱ्या कामावर निघून गेला, आणि आम्ही त्याला अडवू शकलो नाही.

त्यानंतर आमच्या सभासदांच्या दुकानांत आम्ही एक वही सुरू केली. कामाच्या आरंभी वहीत लिहावयाचे: तारीख, फाइलला कोणते प्रोफाइल जोडून आले आहे, कागद कोणता, प्रिंटरचे प्रोफाइल कोणते आणि कधी केलेले, ड्रायव्हरची दुरुस्ती चालू की बंद. पहिला कागद ठरलेल्या एकाच दिव्याखाली मालकाने पाहावयाचा आणि सही करावयाची. कारण ट्यूबलाइटखाली जुळलेले दोन रंग उन्हात नेले की वेगळे दिसू शकतात, आणि ही उजेडाची लबाडी आजवर कामगाराच्या खात्यावर मांडली जात होती. पडद्याचा उजेडही बेताचा ठेवावयाचा. पडदा भगभगीत असला की फोटो काळवंडल्याची तक्रार हटकून येते. जून ते सप्टेंबर कागदाचे रीम बंद पिशवीत राहतील आणि नमुना पावसाळ्यात एकदा नव्याने मोजला जाईल, हेही लिहून घेतले. आपल्या किनाऱ्यावर कागद दमट होतो आणि शाई त्यावर वेगळी बसते. सुरुवातीला मालक कुरकुरले. पुढे गिऱ्हाइकाने कटकट केली की तेच वही काढून दाखवू लागले.

एक गोष्ट मात्र आम्ही आमच्या सभासदांपासूनही लपवीत नाही. तक्ता हा दुधारी आहे. दगडावर ठिपके काढणारा गेला, मग आम्लाने ठिपके खाणारा गेला, मग रंगाचे सेपरेशन करणाऱ्या स्कॅनरवरचा माणूस गेला. दर खेपेला मालक म्हणाला, आता रंग यंत्राला कळतो, तुझ्या नजरेचे पैसे कशाला? गेल्याच वर्षी एका बैठकीत हेच वाक्य आम्ही पुन्हा ऐकले. आम्ही त्या गृहस्थाला इतकेच विचारले, की आमटीत दोनदा मीठ पडले आहे हे यंत्राने तुम्हांला कधी सांगितले आहे काय? वहीत काम करणाऱ्याच्या नावाचा रकाना आहे तो त्यासाठीच. या दीडशे वर्षांत तो रकाना प्रथमच छापला गेला असेल असा आमचा दावा नाही. आम्हांला तो आधी कोठे दिसला नाही, इतकेच.

आता लक्ष्मीचा निकाल. दोन्ही आज्या गेल्या. गेल्या वर्षी आजोळचे घर दुरुस्तीला काढले, तेव्हा आम्ही आमची लक्ष्मी आणि शेजारच्यांची परवानगी घेऊन त्यांचीही, अशा दोन्ही चौकटी एका सभासदाच्या दुकानात नेल्या. त्याच्याकडे रंग मोजण्याचे यंत्र आहे. मागचे खिळे काढून कागद बाहेर घेतले, तर आमच्या लक्ष्मीची जी कड चौकटीच्या लाकडाखाली दबलेली होती तेथे पदराचे टोक जवळजवळ शेजारच्या लक्ष्मीइतकेच कुंकवाचे निघाले. आमची चौकट दारासमोर, पश्चिमेच्या उन्हात. त्यांची आतल्या भिंतीवर. ऊन आणि समईची काजळी यांनी आमचे लुगडे जांभ्याचे केले होते. तरीसुद्धा यंत्रावर दोन कुंकवांचे आकडे एक आले नाहीत. थोडा फरक उरलाच. तो दोन खेपांच्या शाईचा, की आतल्या भिंतीलाही चुकून पोचलेल्या उजेडाचा, हे आता सांगणार कोण? मळवलीच्या त्या शिळा आगीत गेल्या.

मामांना नव्या घरासाठी लक्ष्मीची नवी प्रत छापून हवी होती. यंत्रावरच्या मुलाने वही उघडली, कागद लावला आणि विचारले, "भाईनु, खंयचो तांबडो धरू?"

आम्ही मामांकडे पाहिले. मामा म्हणाले, आईने सगळा जन्म ज्या लक्ष्मीला हात जोडले ती जांभ्याच्या लुगड्याची होती. मुलाने मधल्या लुगड्यावर यंत्र टेकवून आकडे घेतले, वहीत तारीख घातली, खाली आपले नाव लिहिले आणि सहीसाठी पेन मामांच्या हातात दिले.